सर्दी कोणाला होते आणि दोष कोणाला मिळतो

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण सर्वांनी एक वाक्य निरनिराळ्या रूपांत ऐकले : 'जो घाबरला, त्यालाच कोरोना झाला.' धीर देण्यासाठी ते बोलले जात असे. पण ज्या घरात माणूस गेला, त्या घरात या वाक्याचा अर्थ काय होत असेल? गेलेला माणूस मनाने कच्चा होता, म्हणून गेला, असाच ना?

शाळेतही याच जातीची वाक्ये आपण सहज बोलतो. 'ही मुळातच नाजूक, हिच्या आईचीही प्रकृती तशीच.' 'तो रडवा आहे, म्हणून सारखा आजारी पडतो.' एका वाक्यात दोष आनुवंशिकतेचा, दुसऱ्यात स्वभावाचा. अलीकडे अशा समजुतींना विज्ञानाचा आधारही दिला जातो. 'आनंदी माणसांना सर्दी कमी होते, शास्त्रज्ञांचा निष्कर्ष' अशी चौकट वर्तमानपत्रात अधूनमधून झळकते. या चौकटीमागे खरोखरच चांगले संशोधन आहे. ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे येथे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

चार पायऱ्या

'आजारी पडणे' ही एकच घटना आहे असे आपण धरून चालतो. विषाणूच्या बाबतीत निदान चार पायऱ्या वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, विषाणूशी संपर्क येणे. दुसरी, विषाणू शरीरात शिरून तेथे वाढू लागणे, म्हणजे संसर्ग. तिसरी, त्या संसर्गातून शिंका, ताप, सूज अशी लक्षणे उमटणे, म्हणजे आजार. चौथी, आपण आजारी आहोत असे माणसाला वाटणे आणि त्याने तसे सांगणे. संपर्क येऊनही संसर्ग होत नाही, संसर्ग होऊनही आजार दिसत नाही, आणि आजार नसतानाही तक्रार असते, हे सर्व नेहमी घडते. म्हणून 'स्वभावामुळे आजार होतो' असे कोणी म्हटले, तर आपला पहिला प्रश्न असावा : कितव्या पायरीवर?

सॉल्झबरीचे स्वयंसेवक

इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे १९४६ पासून सर्दीचा अभ्यास करणारे एक केंद्र होते. निरोगी स्वयंसेवक तेथे येऊन राहत, त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब टाकले जात आणि पुढे काय होते याची नोंद होई. डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात माणसातला एक कोरोना विषाणू प्रथम ओळखला, तो याच केंद्रात. केंद्र बंद होण्याआधीच्या शेवटच्या वर्षांत शेल्डन कोहेन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, टिरेल आणि अँड्र्यू स्मिथ यांनी तेथे एक प्रयोग केला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

३९४ निरोगी प्रौढांना आधी प्रश्नावल्या दिल्या : गेल्या वर्षात कोणते कठीण प्रसंग आले, ते पेलवतात असे वाटते का, मन उदास असते का. त्यावरून प्रत्येकाच्या मानसिक ताणाचा एक अंक काढला. मग पाच श्वसनविषाणूंपैकी एक विषाणू नाकात थेंबाने दिला. आणखी २६ जणांना फक्त मिठाचे पाणी दिले. ज्यांचा ताण कमी त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण सुमारे ७४ टक्के, ज्यांचा जास्त त्यांच्यात सुमारे ९० टक्के निघाले. प्रत्यक्ष सर्दी अनुक्रमे सुमारे २७ आणि ४७ टक्क्यांना झाली. मधल्या गटांत ताण वाढेल तसे प्रमाण वाढत गेले होते.

या प्रयोगाचे मोठेपण त्याच्या रचनेत आहे. एरवी ताणाखालचा माणूस जास्त आजारी पडलेला दिसला, तर तो गर्दीत जास्त वावरला असेल अशी शंका राहते. येथे विषाणू सर्वांना दिलेला होता, म्हणजे पहिली पायरी सर्वांसाठी सारखी केलेली होती. आणखी एक गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही. आत्मविश्वास, परिस्थिती आपल्या हातात असल्याची भावना, आणि अंतर्मुख की बहिर्मुख हा कल, अशी स्वभावाची मापेही संशोधकांनी घेतली होती. ती हिशेबात धरूनही ताणाचा परिणाम तसाच राहिला. म्हणजे हा परिणाम स्वभावाच्या खात्यावर मांडता येत नव्हता.

आता हेच आकडे गणिताच्या तासाला फळ्यावर मांडून पाहावेत. कमी ताणाचे १०० आणि जास्त ताणाचे १०० लोक घेतले, तर सर्दी होणारे एकूण ७४. त्यांपैकी २७ जण, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक, निवांत मनाचे. उलट जास्त ताणाच्या १०० पैकी ५३ जणांना नाकात विषाणू टाकूनही सर्दी झाली नाही. समोर शिंकणारा माणूस पाहून त्याच्या मनाची अवस्था सांगू पाहणारा कितीदा चुकेल, हे विद्यार्थी स्वतःच काढतील. गटाची जोखीम आणि एका माणसाचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आनंदी स्वभावाची कहाणी

'आनंदी माणसांना सर्दी कमी' ही बातमी आली ती कोहेन यांच्याच पुढच्या, पिट्सबर्ग येथील प्रयोगातून. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३३४ निरोगी स्वयंसेवकांना आधी अनेक संध्याकाळी दूरध्वनी करून त्या दिवशीची मनःस्थिती विचारली. मग विषाणू देऊन त्यांना वेगळे ठेवले. येथे केवळ 'बरे नाही' या शब्दावर विसंबून न राहता वापरलेल्या रुमालांचे वजन करून शेंबूड मोजला. नाकात रंग टाकून तो घशाशी किती वेळात पोचतो तेही पाहिले.

उत्साही, निवांत, आनंदी असणाऱ्यांना सर्दी कमी झाली, हे खरे. बातमी येथे संपते. प्रयोगात मात्र आणखी एक निष्कर्ष होता, आणि आमच्या मते शिक्षकांसाठी तोच अधिक मोलाचा आहे. चिंता, उदासी, चिडचिड ज्यांच्यात जास्त होती, त्यांना सर्दी जास्त झाली नाही. मोजता येणाऱ्या खुणांच्या मानाने त्यांनी तक्रारी मात्र जास्त केल्या. चिंताग्रस्त स्वभावाचा परिणाम चौथ्या पायरीवर होता, तिसऱ्या पायरीवर नव्हता. 'रडवा म्हणून आजारी' या वाक्याला याच प्रयोगाने उत्तर दिले आहे : रडवेपणामुळे कुरकुर ऐकू येते, सर्दी होत नाही. आणि न कुरकुरणारे मूल निरोगीच असेल असेही नाही, कारण आनंदी मंडळींनी खुणांच्या मानाने तक्रारी कमी केल्या होत्या. शाळेत दुर्लक्ष होण्याचा धोका अशा मुलांनाच जास्त.

या संशोधनाच्या मर्यादाही स्पष्ट मांडल्या पाहिजेत. स्वयंसेवक निरोगी प्रौढ होते. मुले नव्हती, वृद्ध नव्हते, गंभीर मानसिक आजार असलेले लोकही नव्हते. आनंदीपणा या प्रयोगात फक्त मोजला गेला, कोणाला दिला गेला नाही. त्यामुळे 'आनंदी राहा म्हणजे सर्दी टळेल' हा उपदेश या प्रयोगातून निघत नाही. आनंद आणि प्रतिकारशक्ती यांच्या मागे तिसरेच एखादे कारण असू शकते. आणि विषाणू सर्वांना सारखा देणे, हे जे प्रयोगाचे बळ, तीच बाहेरच्या जगाच्या दृष्टीने त्याची उणीव. मनमिळाऊ माणसाला प्रयोगशाळेत सर्दी कमी झाली, पण बाहेर तो चार माणसांत जास्त मिसळतो. त्याच्या वाट्याला संपर्क किती आला, याचे उत्तर नाकात थेंब टाकून मिळत नाही.

तिसऱ्या कारणाचा एक धागा याच संशोधकांनी २००४ मध्ये पुढे आणला. बालपणातील जितकी अधिक वर्षे आईवडिलांचे स्वतःचे घर होते, तितकी मोठेपणी विषाणू दिल्यावर सर्दी होण्याची शक्यता कमी होती. स्वतःचे शिक्षण, स्वतःचे घर आणि स्वभाव हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. डोक्यावर हक्काचे छप्पर असणे हा कोणाचा स्वभावगुण नव्हे. 'आनंदी माणसाला सर्दी नाही' ही बातमी होते, 'भाड्याच्या खोलीत वाढलेल्याला सर्दी जास्त' ही होत नाही. निवड संशोधकांची नसून ती पुढे सांगणाऱ्यांची आहे, आणि आम्ही विज्ञानलेखकही त्यांतच येतो.

जनुके : कुलूप आणि किल्ली

'घरातच आहे' या वाक्यात तथ्य किती? डेन्मार्कमधील दत्तक व्यक्तींचा एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मदात्या आईबापांपैकी कोणी पन्नाशीच्या आत संसर्गजन्य आजाराने गेले असेल, तर दत्तक गेलेल्या अपत्याचाही संसर्गाने अकाली मृत्यू होण्याची शक्यता पाचपटीहून अधिक आढळली. ही मुले वाढली दुसऱ्या घरी. म्हणजे रक्ताच्या वारशाला काही अर्थ आहे.

पण हा वारसा 'नाजूक प्रकृती' अशा ढोबळ रूपात येत नाही. काही ठिकाणी तो अगदी नेमका असतो. सीसीआर-५ नावाचे एक प्रथिन पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असते. एचआयव्हीचे बहुतेक प्रकार त्याचा दारासारखा उपयोग करतात. ते दार घडवणारे जनुक आई आणि बाप दोघांकडूनही तुटलेल्या रूपात मिळाले, तर अशा व्यक्तीला त्या विषाणूचा संसर्ग सहसा होत नाही, हे १९९६ मध्ये कळले. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नॉर्वाक विषाणूची गोष्ट तशीच. आतड्याच्या अस्तरावरची विशिष्ट शर्करा ज्यांच्यात एका जनुकामुळे तयार होत नाही, त्यांना हा विषाणू चिकटू शकत नाही. ही दुसऱ्या पायरीची कुलपे आहेत, आणि एका विषाणूला बंद असलेले कुलूप दुसऱ्याला उघडे असू शकते. कोव्हिडमध्ये २०२० साली तिसऱ्या पायरीची खूण सापडली : तिसऱ्या गुणसूत्रावरील एक तुकडा, जो नीअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आला, गंभीर आजाराची जोखीम वाढवतो. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांकडे तो आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांकडे. निम्म्या लोकांकडे असलेल्या गोष्टीला एखाद्या घराण्याचा दोष कसे म्हणणार?

मानसिक आजार : चिंता की कोंडवाडा?

आता मूळ वाक्याकडे येऊ. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील कोट्यवधी रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आधीच्या वर्षात मानसिक आजाराचे निदान झालेल्यांमध्ये कोव्हिडचे निदान सुमारे १.६५ पट अधिक आढळले. उलट दिशाही दिसली. कोव्हिडनंतर १४ ते ९० दिवसांत १८ टक्के रुग्णांना मानसिक आजाराचे निदान झाले, एकूण रुग्णांपैकी सुमारे ६ टक्क्यांना आयुष्यात प्रथमच. गरिबीसारख्या कारणांचा वाटा पूर्णपणे बाजूला काढता आलेला नाही, हे संशोधकांनीच नमूद केले आहे.

'घाबरला म्हणून मेला' याची थेट परीक्षा न्यूयॉर्कमधील ७३४८ रुग्णांच्या अभ्यासात झाली. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया या गटातील आजार असलेल्यांत मृत्यूची शक्यता अडीच पटीहून अधिक होती. चिंताविकार असलेल्यांत मात्र ती वाढलेली नव्हती. घाबरट ठरवली गेलेली माणसेच जास्त मेली नाहीत. जास्त मेली ती समाजाने सर्वांत दूर ठेवलेली माणसे.

दूर ठेवणे म्हणजे काय, हे दक्षिण कोरियात चेओंगदो येथे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. एका रुग्णालयाच्या बंद मनोरुग्ण कक्षात शंभराच्या आसपास माणसे दाटीने राहत होती. जवळजवळ सर्वांना संसर्ग झाला. देशातला कोव्हिडचा पहिला बळी याच कक्षातला, वीस वर्षांहून अधिक काळ तेथे राहिलेला रुग्ण होता. येथे जनुके तपासायची की स्वभाव? दार बंद होते आणि अंथरुणे एकमेकांना लागून होती. दोष पहिल्याच पायरीवर होता. काही देशांनी यातून धडा घेतला. लसीकरणात तीव्र मानसिक आजार असलेल्यांना ब्रिटनने प्राधान्यगटात धरले. जोखीम कळल्यावर करण्यासारखी गोष्ट ती हीच.

शिक्षकांसाठी

आनुवंशिकता, मन आणि विषाणू यांचा संबंध आहे, आणि त्यावरचे संशोधन मोलाचे आहे. आमचा आक्षेप त्या संशोधनाचा न्यायनिवाडा करण्याला आहे. जोखमीचा आकडा मदत कोणाला आधी पोचवावी हे ठरवण्यासाठी असतो, दोष वाटण्यासाठी नसतो.

पुढच्या पावसाळ्यात वर्ग शिंकू लागला की एक उपक्रम करून पाहावा. आरोग्यावरची एखादी बातमी वर्गात वाचावी आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत : हे कितव्या पायरीबद्दल आहे? अभ्यास कोणावर केला, कोण त्यात नव्हते? गटाचा आकडा एका माणसाला लावला आहे का? तिसरे कारण काय असू शकेल? आणि त्याच दिवशी वर्गाच्या खिडक्या उघड्या आहेत का, एका बाकावर किती मुले बसतात आणि हात धुवायला नळाला पाणी आहे का, हेही पाहावे. सारखे आजारी पडणाऱ्या मुलाचा स्वभाव आपण बदलू शकणार नाही. त्याची खिडकीजवळची जागा मात्र आपल्या हातात आहे.