घाट उतरून गेलेली हद्द

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या नकाशाची दक्षिण बाजू चटकन कळते. तिथे बऱ्याच अंतरापर्यंत गोदावरीनेच हद्द आखून दिली आहे. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे, तेव्हा हद्द माथ्यावर थांबेल असं वाटतं. ती थांबत नाही. घाट उतरते, पायथ्याची एक लांबट पट्टी आपल्याकडे घेते आणि मगच जळगाव जिल्हा सुरू होऊ देते. ही पट्टी म्हणजे सोयगाव तालुका आणि तिच्यात घाटाच्या तोंडाशी फर्दापूर. नऊ तालुक्यांच्या या नकाशात माझी नजर सगळ्यात जास्त रेंगाळते ती इथे.

आधी पाणी वाचावं. रांगेच्या माथ्यावर पडलेल्या पावसाला दोन वाटा आहेत. सिल्लोडच्या अंगाला उतरलेलं पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. उत्तरेच्या अंगाचं पाणी वाघूर नदीतून तापीला, म्हणजे अरबी समुद्राला. अजिंठ्याच्या लेण्यांसमोरची वाघोरा ती हीच. सातकुंडातून उड्या घेत येते, घोड्याच्या नालेसारख्या कड्याला वळसा घालते आणि खानदेशाकडे निघून जाते. समोच्च रेषांच्या नकाशावर हे आणखी देखणं दिसतं: कड्यापाशी रेषा एकमेकींना इतक्या चिकटतात की बोटाने वेगळ्या करता येत नाहीत आणि फर्दापूरच्या शिवारात येता येता सुट्या होत जातात. पुढे याच नदीवरच्या वाघूर धरणातून जळगाव शहराला पिण्याचं पाणी मिळतं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोरून वाहिलेला श्रावण जळगावच्या नळाला येतो, ही गोष्ट मला कितीही वेळा सांगायला आवडेल.

पाणी खानदेशचं, मग कारभार मराठवाड्याचा कसा? याचं उत्तर घाटात आहे. दख्खनच्या पठारावरून खानदेश-बऱ्हाणपूरकडे जाणारी जुनी वाट इथूनच उतरते. वरच्या सत्तेला घाट राखायचा तर पायथाही हाती हवा. निजामी राज्याची सीमा अशी डोंगर ओलांडून खाली आली आणि पलीकडे इंग्रजांचा खानदेश राहिला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. दोन राज्यांमधली ती रेघ दोन जिल्ह्यांमधली म्हणून शिल्लक राहिली.

या रेघेने लेण्यांचं नशीबही लिहिलं. लेणी हैदराबाद संस्थानात राहिली, म्हणून 1914 मध्ये संस्थानाने पुरातत्त्व खातं काढलं तेव्हा गुलाम याझदानी यांच्यासारखा जाणकार त्यांच्या वाट्याला आला. त्याआधी 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत क्रिस्तियाना हेरिंगहॅम चित्रांच्या प्रतिकृती करायला आल्या, तेव्हा त्यांचा तळ फर्दापूरला होता. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार, हैदराबादहून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन. बंगाल, दख्खन आणि विलायत यांची माणसं एका खेड्यात राहून एकाच भिंतीकडे बघत होती. फर्दापूरच्या इतिहासातलं माझ्या मते हे सर्वांत उजळ पान आहे.

आजच्या कारभाराचे धागेही असेच चहूकडे गेले आहेत. तहसील सोयगावला. जिल्हाधिकारी घाट चढून शंभरेक किलोमीटरवर, तर जळगाव साठेक किलोमीटरवर. विधानसभेला मत सिल्लोडमध्ये मोजलं जातं. लोकसभेला जालना मतदारसंघात. जालना जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला, त्यात फर्दापूर नव्हतं, तरी खासदार जालना मतदारसंघाचाच. आणि त्याच वर्षी औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं, ज्याच्या कक्षेत आता जळगावही येतं. त्यामुळे जळगाव-जामनेरचे पक्षकार कागदांची पिशवी घेऊन फर्दापूरवरूनच घाट चढतात. म्हणजे पाणी खाली जातं आणि दावे वर येतात.

असं दुहेरी जगणं स्वीडनमध्येही आहे. तिथे 1634 च्या राज्यघटनेने देश जिल्ह्यांत विभागला आणि प्रत्येकावर राजाचा प्रतिनिधी नेमला. जुने प्रांत कारभारातून गेले, मनातून गेले नाहीत. स्मोलांड हा प्रांत यंशोपिंग, क्रोनोबेर्य आणि काल्मार या तीन जिल्ह्यांत वाटला गेला, तरी तिथला माणूस स्वतःला स्मोलांडचाच म्हणवतो. सोयगावच्या बोलण्यातली खानदेशी लकब ऐकली की हे लगेच पटतं.

हद्द सरळ करून टाकावी, हा तालुका जळगावला जोडावा, असा विचार नकाशा बघताना कुणालाही सुचेल. मला तो रुचत नाही. इथल्या माणसाला दोन्हीकडची बाजारपेठ, दोन्हीकडची सोयरीक, दोन्हीकडचं बोलणं ठाऊक आहे, आणि हे शहाणपण हद्दीच्या त्या वेड्यावाकड्या उतारानेच दिलं आहे. तक्रार आहे ती नकाशा काढण्याच्या रीतीबद्दल. आपल्याकडे जिल्ह्याच्या नकाशात हद्दीपलीकडे कोरा कागद असतो, शेजारच्या जिल्ह्याचं नाव तेवढं तिरक्या अक्षरांत. त्यामुळे वाघूर हद्दीवर येऊन तुटते आणि शाळेतल्या मुलाला ती कुठे गेली हे कळतच नाही. सोयगावच्या शाळांमध्ये तरी असा नकाशा लागावा, ज्यात ही नदी फिकट निळ्या रेघेने का होईना, तापीपर्यंत काढलेली असेल.