‘रॅम वाढवणारी’ एक ओळ आणि तिचं परीक्षण

नोटपॅड उघडा. ‘मायस्ट्रिंग = (८०००००००)’ असं लिहा. फाइल ‘रॅम डॉट व्हीबीएस’ नावाने डेस्कटॉपवर सेव्ह करा आणि डबल क्लिक करा. कॉम्प्युटर पळायला लागेल.

ही टिप तुम्ही कधी ना कधी पाहिलीच असेल. मला ती पहिल्यांदा कुठे भेटली ते आठवत नाही, पण आजही कोणीतरी ती पाठवतंच. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांनी तिच्याकडे एक छोटा पेपर म्हणून बघावं. यात दावा आहे, पद्धत आहे आणि निष्कर्षही आहे. पद्धत तर इतकी स्पष्ट लिहिलीय की कोणीही ती जशीच्या तशी करून बघू शकतो. हे सगळ्याच पेपरांबद्दल म्हणता येत नाही!

आता ओळ वाचा. व्हीबीस्क्रिप्टमध्ये कंसात आकडा लिहिला तर तो आकडाच राहतो. म्हणजे या ओळीने ‘मायस्ट्रिंग’ नावाच्या खोक्यात आठ कोटी ही एक संख्या ठेवली. त्याला लागतात मोजून काही बाइट. स्क्रिप्ट संपली, खोकं गेलं. आठ कोटींच्या जागी १ लिहिलं तरी नेमकं हेच घडतं. टिप पुढे पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी १ लिहून बघितलं असावं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात, तशी ही गोळी तर फुकट मिळत होती.

या टिपचा एक शहाणा भाऊ आहे: ‘फ्रीमेम = स्पेस(६४०००००००)’ छापाचा. हा खरंच काहीतरी करतो. ‘स्पेस’ म्हणजे तेवढ्या रिकाम्या जागांचा मजकूर तयार करा. व्हीबीस्क्रिप्ट एका अक्षराला दोन बाइट देते, म्हणजे ६४ कोटी अक्षरांना १२८ कोटी बाइट, साधारण सव्वा जीबी. ४ जीबीच्या मशीनवर एवढी मागणी अचानक आली की विंडोज बाकीच्या प्रोग्रॅमची पानं रॅममधून काढायला लागते. स्क्रिप्ट संपते, तिने धरलेली जागा सुटते आणि टास्क मॅनेजरमध्ये मोकळी मेमरी वाढलेली दिसते. बाजारात मिळणारे ‘रॅम क्लीनर’ही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येतात.

आकडा खरा आहे, पण तो मोजतोय काय? घोडेगावच्या कांदा मार्केटचं आवार डोळ्यांसमोर आणा. ज्या गोण्यांचा लिलाव तासाभरात आहे, त्याच उचलून लांबच्या गोडाऊनमध्ये टाकल्या तर आवार मोकळं दिसेल. लिलाव लवकर होईल का? उलट गोण्या परत आणाव्या लागतील. रॅमचंही तसंच. ती भरलेली असणं हा दोष नाही. मागे वाचलेल्या फाइली विंडोज आणि लिनक्स दोन्ही मुद्दाम तिथे ठेवतात, कोणाला जागा लागली की सोडतात.

लांबचं गोडाऊन म्हणजे हार्ड डिस्क. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं हलायचा वेळ. धरा १० मिलिसेकंद. रॅममधून तीच गोष्ट १०० नॅनोसेकंदांच्या आसपास मिळते. फरक एक लाख पट. विखुरलेली ५०० पानं परत आणायची तर ५ सेकंद गेले. एसएसडीवर हेच काम सेकंदाच्या छोट्या अंशात उरकतं.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. घोडेगावातल्या माझ्या चुलत भावाचाही तोच होता. तो त्या जुन्या मशीनवर एक्सेलमध्ये कांद्याचा हिशोब ठेवतो. म्हणाला, “दादा, तुझं गणित राहू दे. ओळ टाकली अन् एक्सेल लगेच उघडलं, मी डोळ्यांनी पाहिलंय.” पाहिलं असणारच. तो खोटं बोलत नव्हता. पण एक्सेल सकाळी एकदा उघडून बंद केलं की त्याच्या फाइली रॅममध्ये राहतात, दुसऱ्यांदा ते पटकन उघडतं, ओळ टाका किंवा नका टाकू. टिपचा क्रमच असा असतो: आधी हळू चाललेलं बघा, मग उपाय करा, मग पुन्हा उघडा. उपाय कायम दुसऱ्या उघडण्याच्या आधी येतो आणि श्रेय खाऊन जातो.

म्हणून क्रम बदलून मोजायचं. उपायाशिवाय, उपायासह, पुन्हा उपायासह, पुन्हा उपायाशिवाय. दर वेळी मशीन बंद करून चालू करायचं, सारखाच वेळ थांबायचं, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ लिहायचा. लाइट गेली तर तो रीस्टार्ट वेगळा लिहून ठेवायचा. आणि उपाय म्हणून कधी आठ कोटींची फाइल चालवायची, कधी १ ची. कोणती चालतेय हे मोजणाऱ्याला माहीत नसलं तर आणखी चांगलं. सोबत रिसोर्स मॉनिटरमधला ‘हार्ड फॉल्ट्स’ हा रकाना बघा. डिस्कवरून पानं किती आणावी लागताहेत ते तिथे कळतं. मोकळ्या मेमरीच्या आकड्यापेक्षा तो कामाचा.

पीटर डेनिंगने १९६८ मध्ये ‘वर्किंग सेट’ची कल्पना मांडली: प्रोग्रॅम ठरावीक काळात जी पानं खरोखर वापरतो, ती. सगळ्या चालू प्रोग्रॅमचे हे संच मिळून रॅममध्ये मावले नाहीत, तर मशीन कामापेक्षा पानांच्या ने-आणीतच वेळ घालवतं. ही टिप त्या संचांना हातच लावत नाही. ब्राउझरचे वीस टॅब बंद केले तर ते कमी होतात. फुकटात तेवढंच शक्य आहे.

सगळ्याच टिपा इतक्या पोकळ नसतात. ‘पेजफाइल रॅमच्या दीडपट ठेवा’ हा नियम उलटा आहे: रॅम जास्त असेल तर सहसा पेजफाइलची गरज कमी होते, नियम मात्र ती वाढवायला सांगतो. मार्क रसिनोविचने २००८ मध्ये लिहिलं होतं की तुमचे प्रोग्रॅम जास्तीत जास्त किती मेमरी मागतात ते बघून आकार ठरवा. पेजफाइलने मर्यादा वाढते, वेग नाही. ती छोटी पडली तर ‘मेमरी कमी आहे’ असा संदेश येतो, आणि तेव्हा ती वाढवणं हाच बरोबर उपाय. लिनक्समधल्या ‘स्वॅपीनेस’चं वाचनही असंच चुकतं. ६० म्हणजे ६० टक्के नव्हे. स्वॅप करणं आणि फाइलींची पानं सोडणं यांचा तुलनात्मक खर्च कर्नलने कसा धरायचा, त्याचा तो आकडा आहे.

‘पेजफाइल डी ड्राइव्हवर हलवा’ ही टिप मी तुमच्यासाठी सोडतो. डी ड्राइव्ह ही वेगळी डिस्क असेल तर, आणि एकाच डिस्कचा दुसरा तुकडा असेल तर, डोकं कुठून कुठे धावेल ते कागदावर काढा. मग वर सांगितलेल्या क्रमाने मोजा.