शनीची जात

मराठी विज्ञानकथेतला महाकाय वायुग्रह मला पहिल्यापासून जवळचा वाटत आला आहे. तिथे यान उतरू शकत नाही. खाली नुसता हायड्रोजन आणि हेलियम. जमीनच नाही तिथे गावठाण कुठले, आणि गावकुसाबाहेरची वस्ती तरी कुठली? निदान इथे तरी लेखकाची कल्पनाशक्ती वर्णव्यवस्थेतून सुटावी, ही अपेक्षा गैर नव्हे.

पण आपल्या परंपरेने वायुग्रहालाही जात चिकटवली आहे. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त गुरू ब्राह्मणांचा अधिपती, शनी अंत्यजांचा. प्रत्यक्षात दोघेही एकाच वायूंचे गोळे! शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, तरी घनता पाण्याहून कमी. घरातला मी पहिला पदवीधर. मला शनी आधी शनिवारच्या तेलातून भेटला, दुर्बिणीतून फार उशिरा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी बुडाली की साडेसाती शनीची. सावकाराची किंवा भावाची नाही.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या उपक्रमात भारताच्या वाट्याला एक दूरचा तारा आणि त्याचा वायुग्रह नाव ठेवायला आला. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांचे नाव मिळाले, हे उत्तमच झाले. ग्रह मात्र संस्कृत 'सन्तमस'. गोंडी, कोलामीत शब्द नव्हते काय? मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि सहकाऱ्यांनी २०१३-१४ मध्येच गोंड, कोलाम, बंजारा यांचे आकाशज्ञान शोधनिबंधांत नोंदवले होते. आमच्या माणसांनीही आभाळ पाहिले आहे, वाचले आहे.

जयंत नारळीकरांनी ज्योतिषाशी उघड झुंज दिली. त्यांच्या चाचणीत २७ ज्योतिष्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्केच बरोबर आली, नाणे उडवण्याइतकीही नाहीत. म्हणूनच त्यांच्या वाटेने आलेल्या कथांकडून मी अधिक मागतो. यान वायुग्रहाभोवती महिनोन्महिने फिरते. कप्तान, शास्त्रज्ञ, संगणकतज्ज्ञ यांची आडनावे एकदा वाचून पाहा. आणि यानातला मैला कोण काढतो? माझ्या वाचनातल्या एकाही कथेला हा प्रश्न पडलेला नाही. खऱ्या अंतराळस्थानकात मूत्र शुद्ध करून पिण्याचे पाणी करतात. शौचालय बिघडले की अंतराळवीर स्वतः हात घालून दुरुस्त करतो. गुरू-शनीच्याही पलीकडे जाणाऱ्या लेखकाला एवढा तपशील का दिसू नये?