लाल पेन्सिलीचा हिशेब

नाटकाच्या संहितेवर लाल पेन्सिल फिरविण्याचा अधिकार कोणास असावा, हा वाद आपल्याकडे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'इतका तरी जुना आहे. त्यातील कीचकात प्रेक्षकांस लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० साली सरकारने बंदी घातली. आमचा प्रश्न याहून लहान आहे. पेन्सिल फिरविणाऱ्याने आपला हिशेब कोणास द्यावा?

तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगभूमीवर आले व तेरा प्रयोगांनंतर थांबविले गेले. मुंगीशी बोलणारी देवभोळी लक्ष्मी अखेरीस चंपेच्या प्रेताशेजारी न डगमगता उभी राहते, हे आम्हांस सोसवत नाही. आणि ते सोसवत नाही, यातच नाटकाचे बळ आहे, हेही नाकारवत नाही. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि नाटक पुन्हा उभे राहिले. म्हणजे परिनिरीक्षण मंडळाच्या वरही कोणीतरी होते.

याबाबतीत कायद्याचे माप आम्हांस सापडते ते अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १९५६ च्या निकालात. १९५३ साली लखनौस 'इप्टा'ने प्रेमचंदांच्या 'ईदगाह' कथेवरील नाटक केले. जत्रेत खेळणी सोडून आजीसाठी चिमटा घेणाऱ्या पोराची ती गोष्ट! मिळालेली परवानगी मागे घेतली गेली, तरीही प्रयोग झाला, आणि १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली खटला भरला गेला. न्यायालयाने बंदीची ती तरतूदच घटनाबाह्य ठरविली. नाटकावर नियंत्रण असूच नये, असे न्यायालय म्हणाले नाही. आक्षेप होता तो पद्धतीस : नाटककाराचे म्हणणे ऐकण्याची सोय नाही, कारणे देण्याचे बंधन नाही, फेरविचाराची वाट नाही.

आता आमच्या घरचे. आदिलाबादेस एका देवळाच्या उत्सवसमितीत मराठी एकांकिका निवडण्याचे काम गतवर्षी आमच्याकडे होते. देवळाच्या आवारात काय व्हावे, हे ठरविण्याचा समितीचा अधिकार आम्ही आजही मानतो. पण एका तरुणाची संहिता आम्ही 'अयोग्य' एवढाच शेरा मारून परत केली. पुजाऱ्याच्या तोंडचे दोन संवाद खटकले होते; तेवढे बदलता आले असते. त्याने कारण विचारले, तेव्हा समितीचा निर्णय अंतिम असतो, असे आम्ही वकिली थाटात सांगितले. मंडळाविरुद्ध सारंगांना न्यायालय होते. आमच्याविरुद्ध या पोराला कोण होते? गावातल्या गावात तो दाद मागता तर उद्धट ठरता.

यंदा समितीपुढे आम्ही लेखी सूचना ठेवली आहे. नकाराचे कारण, पृष्ठ व संवाद दाखवून, लिहून द्यावे. लेखकास समोर बसवून ऐकावे. आणि त्याने मागितल्यास समितीबाहेरील दोघांनी संहिता पुन्हा वाचावी. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "एवढी कटकट असेल तर नाटकेच नकोत." सूचनेवर मतदान व्हावयाचे आहे. त्या तरुणास मात्र आम्ही कारणांचे पत्र धाडले आहे, एक वर्ष उशिरा.