कवि गोविंद : न्यायासनाचें एक काव्यवाचन

नाशिकच्या क्रांतिकार्याच्या इतिहासांत कवि गोविंद (गोविंद त्र्यंबक दरेकर, १८७४–१९२६) यांचें नांव येतें तें बहुधा ओघानें. त्यांच्या कविता ‘लघु अभिनव भारतमाला’ या नांवानें १९०८ सालीं गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांनीं छापल्या. जून १९०९ मध्यें बाबारावांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आणि २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. या साखळींत कविता केवळ निमित्तमात्र उरते. काव्य म्हणून तिची परीक्षा राहून जाते.

ती परीक्षा केली न्यायासनानें. अपील ऐकणारे न्या. नारायण गणेश चंदावरकर हे प्रार्थनासमाजाचे धुरीण. पुराणकथांचा अर्थ त्यांस दुभाष्याकडून घ्यावयाचा नव्हता. देवांच्या आणि शिवाजीसारख्या वीरांच्या नांवांआडून ही पद्यें विद्यमान सरकारविरुद्ध युद्धाचा उपदेश करतात, असा निर्णय त्यांनीं दिला व शिक्षा कायम केली. पद्यें छापण्यास जन्मठेप, ही शिक्षा अमानुष होती. परंतु अन्योक्ति ओळखण्यांत न्यायमूर्ति चुकले नाहींत. या कवितांस निव्वळ भाविक पौराणिक पद्यें म्हणणारा बचाव कवीवरच अन्याय करणारा होता.

या कवितेचें बळ कशांत आहे? तिळभांडेश्वर गल्लींतील हा पायांनीं अधू असलेला तरुण आरंभीं लावण्या रची. १९०० च्या सुमारास मित्रमेळ्याशीं संबंध आल्यावर त्यानें विषय पालटला, ठेका पालटला नाहीं. ऐकतांच पाठ व्हावें असें तें पद्य होतें. पुस्तिका जप्त करतां येते, चाल जप्त होत नाहीं. दोषही येथूनच उद्भवतो. दृष्टान्तांवर दृष्टान्त रचण्याची पोवाड्याची रीत वाचतांना शिणवते, व कित्येक कडवीं गाळलीं तरी अर्थास बाध येत नाहीं.

मृत्यूच्या समीप रचलेली ‘सुंदर मी होणार’ ही कविता मात्र वेगळी. तेथें पुराणाचा आडोसा नाहीं. जन्मभर सोसलेलें पंगू शरीर हाच विषय आहे, आणि मरण म्हणजे नवें रूप. माझ्या मतें गोविंदांची श्रेष्ठ कृति हीच. पुढें पु. ल. देशपांडे यांनीं आपल्या नाटकास हेंच नांव दिलें, आणि आज तें अनेकांस नाटकाचें म्हणूनच ठाऊक आहे.