संपादित संग्रह आणि तळटीपेचे ऋण

तळटीप हा विद्वत्तेचा केवळ उपचार आहे, असा समज आपल्या विद्यापीठीय लेखनात बराच रूढ आहे. एका ग्रंथकाराच्या एका ग्रंथाचा हवाला देताना या समजामुळे फारशी हानी होत नाही. परंतु ज्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव असते आणि आत अनेकांचे लेखन असते, किंवा एकाच कवीचे निरनिराळ्या काळांतील काव्य ज्यात एकत्र बांधलेले असते, तेथे टिपेतील शैथिल्य मूळ प्रतिपादनालाच पोखरते. म्हणून हा प्रश्न लेखनतंत्राचा न मानता टीकेचा मानला पाहिजे.

प्रथम कर्तृत्वाचा विचार करू. ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे प्रमुख संपादक. नोंदीच्या अखेरीस ती लिहिणाराचे नाव दिलेले असते. तरीही नोंदीतील मत ‘जोशी म्हणतात’ असे सांगून उद्धृत करणारे अभ्यासक भेटतात. कोशाची योजना आणि तिचे उत्तरदायित्व तर्कतीर्थांचे होते, हे खरेच. पण दुसऱ्याची मते त्यांच्या पदरी बांधल्याने त्यांचा गौरव होत नाही, आणि ज्याने नोंदीसाठी श्रम केले त्याचे नाव मात्र पुसले जाते. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या वाङ्मयेतिहासाचीही गोष्ट अशीच आहे. त्याच्या खंडांतील प्रकरणे भिन्न अभ्यासकांनी लिहिलेली आहेत. अशा ग्रंथात एकाच लेखकाविषयी दोन प्रकरणांत दोन निर्णय येऊ शकतात. दोन्ही संपादकाच्या नावावर घातले, की जो निव्वळ मतभेद आहे तो एका व्यक्तीच्या विचारातील विसंगती ठरतो.

दुसरा प्रश्न काळाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. मर्ढेकरांचे निधन १९५६ साली झाले. ‘मर्ढेकरांची कविता’ हा संग्रह १९५९ साली निघाला. त्यात ‘शिशिरागम’ (१९३९), ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) या तिन्ही संग्रहांतील कविता एकत्र आल्या. आता एखाद्याने या तिहींतील कवितांपुढे सरसकट ‘मर्ढेकर, १९५९’ असे लिहिले, तर काय होते? ‘शिशिरागम’पासून ‘काही कविता’पर्यंतच्या आठ वर्षांत, एका महायुद्धाच्या छायेत, कवीची भाषा आमूलाग्र पालटली, ते स्थित्यंतरच टिपेतून नाहीसे होते. शिवाय विंदा करंदीकरांचा ‘स्वेदगंगा’ १९४९ चा. केवळ टिपेतील सालांवर विसंबणारा वाचक करंदीकरांना पूर्वसूरी आणि मर्ढेकरांना उत्तरकालीन मानील. नवकाव्यातील प्रभाव आणि परंपरा यांची चर्चा ज्या क्रमावर उभी आहे, तो क्रमच अशा रीतीने उलटा होतो.

मराठीबाहेरील अभ्यासकांच्या बाबतीत हा धोका दुणावतो. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले ‘पॉयझन्ड ब्रेड’ हे इंग्रजी संकलन १९९२ साली प्रसिद्ध झाले, आणि मराठी दलित साहित्य देशभरच्या विद्यापीठांत पोहोचविण्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. या लेखकांचे संकलनातील लेखन नुसत्या १९९२ या सालाने दाखविले, की दलित पँथरच्या स्थापनेच्या वर्षी प्रकटलेला ढसाळांचा उद्रेक दोन दशके पुढे सरकतो. अनुवादकाचे नाव गाळले, तर त्याहून सूक्ष्म प्रमाद घडतो : इंग्रजी शब्दकळेची चिकित्सा होते आणि ती कवीच्या शैलीची चिकित्सा म्हणून मांडली जाते. जो शब्द कवीने योजलाच नाही, त्याचे यशापयश कवीच्या माथी कसे मारावे?

यावर असा आक्षेप येईल की, मूळ आवृत्ती सर्वांना उपलब्ध नसतात. दूरच्या प्रांतातील अभ्यासकाने जुने अंक आणि प्रथमावृत्त्या कोठून आणाव्यात? आक्षेप रास्त आहे. परंतु मूळ ग्रंथ न पाहता तो पाहिल्याचा आव आणणे, हा त्यावरील उपाय नव्हे. तो एक निराळाच दोष होय. आपण जे हाती घेतले तेच सांगावे, मात्र पूर्ण सांगावे. आधी लेखाच्या अगर कवितेच्या कर्त्याचे नाव, मग त्या लेखनाचे शीर्षक. त्यानंतर अनुवाद असल्यास अनुवादक. मग संग्रहाचे नाव, संपादक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठे. आणि अखेरीस, निश्चित ठाऊक असल्यास, मूळ प्रकाशनाचे साल. संग्रहाच्या प्रस्तावनेतील विधान असेल तर तेथे संपादक हाच लेखक, आणि त्याचे नाव आरंभीच यावे. एवढ्याने टीप एका ओळीने वाढेल, इतकेच.

संपादकाचे श्रम कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. विखुरलेले लेखन त्याने एकत्र केले नसते, तर पुष्कळसे आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. पण निवडीचे श्रेय आणि निर्मितीचे श्रेय ही दोन स्वतंत्र ऋणे आहेत. एक फेडताना दुसरे बुडविणे न्याय्य नव्हे. आणि ज्या टीकेला आपले ऋण नेमके कोणाचे हेच सांगता येत नाही, तिच्या मूल्यनिर्णयांवर वाचकाने तरी विश्वास का ठेवावा?