लहान खेळांची पारख आणि खरेदी

संगणकावरील खेळांची चर्चा वाङ्मयीन मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. परंतु जिच्यांत कथा, चित्र व संगीत हीं एकत्र नांदतात आणि जी मोजक्या माणसांनीं पदरमोड करून निर्माण केली, त्या कृतीची पारख टीकेच्या कक्षेबाहेरची आहे असें आम्ही मानीत नाहीं.

पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहान मंडळीचा 'राजी' हा खेळ पाहा. आपले जुने ग्रंथकार आगाऊ वर्गणीदार मिळवून ग्रंथ छापीत. त्याच रीतीनें या मंडळीनें 2017 सालीं लोकवर्गणीचें आवाहन केलें, पण तें फसलें. तरीहि काम थांबलें नाहीं, व 2020 सालीं खेळ प्रसिद्ध झाला. राक्षसांनीं पळविलेल्या भावाच्या शोधांत निघालेली, कसरतीचे खेळ करणारी मुलगी ही त्याची नायिका. पहाडी शैलीची आठवण देणारीं चित्रें आणि सावलीच्या बाहुल्यांनीं सांगितलेलें कथानक यांत त्याचें खरें बळ आहे. पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ती रीत परकी वाटणार नाहीं. उलट, लढाईचे प्रसंग पुढें पुढें एकसुरी होतात, आणि शेवट फार घाईनें उरकला आहे. तथापि गुणांचें पारडें जड आहे.

अशा कृति सांपडाव्या कशा? 'स्टीम' या मोठ्या दुकानांत 2024 या एका वर्षांत 18,000 हून अधिक नवे खेळ आले. दर खेळामागें 100 डॉलर भरले कीं बहुधा कोणासहि तेथें माल मांडतां येतो. या गर्दींत दर्शनीं दिसेल तें उचलणें म्हणजे वेष्टन पाहून पुस्तक घेणें होय. फुकट नमुना मिळत असेल तर तो आधीं खेळावा, आणि एखादी कृति आवडल्यास कर्त्यांचें नांव ध्यानांत ठेवून त्यांच्या इतर कृति शोधाव्या.

खरेदीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. 'स्टीम' सामान्यतः किंमतीचे शेंकडा 30 स्वतःकडे ठेवतें. 'इच डॉट आयओ' या दुकानांत दुकानाचा वांटा किती हें विक्रेताच ठरवितो. शिवाय आपण घेतों ती वस्तु नव्हे, केवळ वापरण्याचा परवाना, हें 'स्टीम' 2024 पासून खरेदीच्या वेळींच सांगतें. 2008 पासून चालणारें पोलंडचें 'जीओजी' मात्र कुलूप नसलेली प्रत देतें. ती उतरवून घरीं जपतां येते.

या भेदाचें मोल आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यानें तरी ओळखावें. नेवाशास 1290 सालीं सांगितलेल्या ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत एकनाथांनीं 1584 सालीं सिद्ध केली, ती लोकांनीं जपलेल्या पोथ्या उपलब्ध होत्या म्हणूनच. खेळाची तुलना त्या ग्रंथाशीं करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण कृति टिकते ती रसिकांच्या हातांतील प्रतींमुळें, हा नियम लहानमोठ्या सर्व कृतींस सारखाच लागू आहे.

म्हणून शोध मोठ्या बाजारांत खुशाल करावा. परंतु तीच कृति जेथें कुलुपावांचून मिळते, अथवा जेथें कर्त्याच्या पदरीं अधिक पडतें, तेथूनच ती घ्यावी. दोन्ही सोयी नसतील तर मोठ्या दुकानांतूनहि घ्यावी, पण चोरटी प्रत घेऊं नये. कारण लहान मंडळीची दुसरी कृति पहिलीच्या विक्रीवरच अवलंबून असते.